सडक आणि पांदण

वाशीमला मुद्दाम म्हणून कोणी येत नाही. लग्न असते, बदली होते, बालाजीचा नवस फेडायचा असतो, म्हणून माणसे येतात आणि काम आटोपले की अकोल्याची गाडी धरतात. पुण्या-मुंबईच्या नातलगांना मी पत्ता सांगू लागलो की 'वाशी' एवढे ऐकून त्यांचा चेहरा खुलतो आणि पुढचा 'म' ऐकून पुन्हा पूर्ववत होतो. त्यात त्यांचा तरी काय दोष? इंग्रजी अमदानीत बासिम या नावाने हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून अकोल्यात घातला, आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा केला. त्र्याण्णव वर्षे जो दुसऱ्याच्या घरात राहिला त्याला लोकांनी नावाने ओळखावे तरी कसे!

सायकलवाल्या माणसाला मात्र हा जिल्हा ओळखायला एक सकाळ पुरते. जुने लोक वऱ्हाडाचे दोन भाग करीत. खालचा, पूर्णेच्या काठचा सपाट पयनघाट आणि वरचा, अजिंठ्याच्या डोंगररांगांवरचा बालाघाट. वाशीम वरच्या मजल्यावर आहे. अकोल्याहून येताना पातूर मागे टाकले की घाटाचा जिना लागतो. अकोला आणि वाशीम यांच्या उंचीत सुमारे अडीचशे मीटरचा फरक आहे, आणि तो पायडलवर पाय ठेवून भरावा लागला म्हणजे भूगोल कायमचा पाठ होतो. वर आल्यावर काळी जमीन, मधूनच मुरमाड टेकड्या, पळसाची आणि सागाची विरळ राने. पर्वत म्हणावा असा पर्वत नाही, आणि सपाट म्हणावे असेही फारसे काही नाही. त्यामुळे सायकलीचे दोन्ही पंथ येथे नांदतात.

दोन पंथ आहेत हे बाहेरच्यांना ठाऊक नसते. शाळेत जाणारा मुलगा, दूधवाला आणि रंगीत टोप घालून पहाटे निघालेला डॉक्टर हे सगळे त्यांच्या लेखी सारखेच सायकलवाले. (मागे दुचाकी म्हटले की सायकलच समजत, आता वर्तमानपत्रांनी तो शब्द मोटरसायकलीला देऊन टाकला आहे. शब्दांवरही अतिक्रमण होते ते असे.) पण आत शिरून पाहाल तर सडकेवर बारीक चाकाची सायकल पळवणारे आणि रानात जाड चाकाची सायकल उडवणारे यांच्यात शैव-वैष्णवांइतके अंतर आहे. पोशाख निराळा, न्याहारी निराळी, फुशारक्याही निराळ्या. मी नऊ वर्षे पहिल्या पंथात काढली आणि गेले वर्षभर दुसऱ्यातही ऊठबस करतो आहे, म्हणून दोन्हीकडचे थोडे सांगू शकतो.

आमच्या सडकवाल्यांचा दिवस पहाटे पावणेपाचला अकोला नाक्यावर सुरू होतो. औषधाच्या दुकानाचे मालक, दोन डॉक्टर, जिल्हा परिषदेतले एक अभियंता, आणि आम्हां सर्वांचे अघोषित नायक म्हणजे बँकेत अधिकारी असलेले एक स्नेही. सायकलीचे हँडल मेंढ्याच्या शिंगासारखे खाली वळलेले, टायर अंगठ्याहून किंचित जाड, आणि त्यात हवा इतकी ठासून भरलेली की टिचकी मारली तर दगडासारखा आवाज यावा. मुकाट्याने एकामागोमाग एक निघायचे. पुढच्याच्या चाकापासून हातभर अंतर, त्याहून जास्त नाही. कारण ताशी तीस किलोमीटरच्या सुमारास गेलात की तुमची बहुतेक शक्ती हवेला बाजूला सारण्यात खर्च होते. मागच्याला तो खर्च पुष्कळच वाचतो. म्हणून पुढे राहण्याची पाळी लावलेली असते. आपली पाळी झाली की बाजूला सरायचे, ओळ पुढे जाऊ द्यायची आणि शेपटाला चिकटायचे. खड्डा आला तर पुढच्याने बोट दाखवायचे, थांबायचे असेल तर पंजा मागे उघडायचा. मागचा माणूस पुढच्याच्या बोटावर विश्वास ठेवून अंधारात चाललेला असतो. पंधरा वर्षे एका कॉलेजात काढूनही सहकाऱ्यांवर इतका विश्वास टाकायचा प्रसंग मला आलेला नाही.

मालेगाव वीसेक किलोमीटर. तेथवर उजाडते. पुढे मेडशी, आणि मग पातूरच्या घाटाची उतरण. घाटात वळणामागून वळण असे अंगात भिनत जाते की आपण सायकल चालवतो की सायकल आपल्याला, हे कळेनासे होते. खाली चहा, आणि चहाबरोबर आकडे. आमच्या बँकवाल्यांच्या हँडलवर एक इवलेसे यंत्र आहे, त्यात वेग, चढ, हृदयाचे ठोके सगळे टिपलेले असते. घरी आजारी माणूस असावा तशा काळजीने ते त्याच्याकडे पाहतात. "सर, सरासरी सव्वीस पूर्णांक चार!" असे ते म्हणाले की चहात साखर जास्त पडल्यासारखे वाटते.

हसू नका, आकडे हा या पंथाचा कुळाचारच आहे. पंथाचे मोठे क्षेत्र फ्रान्स, आणि तेथली जगप्रसिद्ध शर्यत १९०३ साली 'लोतो' नावाच्या एका वर्तमानपत्राने खप वाढावा म्हणून काढलेली. पहिल्याच वर्षी दोन हजार चारशेवर किलोमीटर. आमच्यासारख्या संसारी माणसांसाठी ब्रेव्हे नावाचा सौम्य प्रकार आहे. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत, सहाशे चाळीस तासांत. पहिला-दुसरा कोणी नसतो. वेळेत पोहोचला तो उत्तीर्ण, पंक्चर ज्याचे त्याने काढायचे, आणि ठरल्या जागी हजेरीचा पुरावा द्यायचा. नोंद थेट पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबात होते. आमच्या डॉक्टरांनी नागपूरहून तीनशेचा ब्रेव्हे केला, तेव्हा वाशीमच्या माणसाचे नाव पॅरिसच्या दफ्तरी लागले म्हणून आम्ही पेढे खाल्ले. नागपूरच्याच डॉ. अमित समर्थांनी २०१७ साली अमेरिका आडवी ओलांडण्याची शर्यत, सुमारे चार हजार आठशे किलोमीटर, बारा दिवसांच्या मुदतीच्या आत एकट्याने पुरी केली. तेव्हापासून विदर्भातला प्रत्येक सडकवाला उन्हाळ्यात दोन जादा बाटल्या पाणी घेऊन निघतो आणि मनात अमेरिकेत असतो.

दुसऱ्या पंथाची दीक्षा मला माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने दिली. आता तो कृषी सहायक आहे. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसे; रानात पहिला असतो. त्याची सायकल पाहिली तर रेड्यासारखी. टायर दोन इंचांहून जाड, त्यात हवा आमच्यापेक्षा कितीतरी कमी, पुढच्या दांड्यात दबणारी स्प्रिंग. खेड्यातली मुले अशा कोणत्याही जाड चाकाच्या सायकलीला सरसकट 'रेंजर' म्हणतात. तिचा जन्म मात्र मोठा गमतीचा. १९७६च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपाइसच्या परिसरातल्या एका डोंगरावरून काही रिकामटेकडी पोरे भंगारातल्या जुन्या जाड चाकाच्या सायकली खाली सोडीत. मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई, आणि प्रत्येक उतरणीनंतर ते नव्याने भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नावच 'रीपॅक', म्हणजे पुन्हा भरा. वीस वर्षांनी, १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हाच पोरखेळ पदकाचा झाला.

आमच्याकडे माउंट टॅमलपाइस नाही. आमच्याकडे पांदण आहे. शहरी वाचकांसाठी सांगतो, दोन शेतांच्या धुऱ्यांमधून गावाबाहेर जाणारी बैलगाडीची वाट म्हणजे पांदण. दोन्ही बाजूंना बाभळी, बोरी आणि घाणेरी; मधे चाकांनी कोरलेल्या दोन खोल रेघा. या रेघेला चाकोरी म्हणतात. चाकोरी सोडा, असे आम्ही मराठीचे प्राध्यापक वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो. एकदा जाड चाकाच्या सायकलीवर बसून चाकोरी सोडून पाहावी! पुढचे चाक कडेला घासते, सायकल तिथेच राहते आणि स्वार बोरीत जातो. ती सोडायची तर आधी वेग हवा, मग पुढचे चाक उचलायचे, आणि नजर जिथे जायचे आहे तिथेच ठेवायची. नजर दगडावर गेली की चाक दगडावर जाते. हे शास्त्र आहे, वेदान्त नाही. दोनदा पडून मी त्याचा अनुभव घेतला आहे.

मालेगावच्या उत्तरेला काटेपूर्णेच्या खोऱ्याकडे उतरणारा घाटमाथा आणि मानोरा तालुक्यातल्या टेकड्या ही या पंथाची ठिकाणे. मानोऱ्याकडच्या वाटांना तर इतिहास आहे. पोहरादेवी तेथलीच, बंजारा समाजाचे सेवालाल महाराज तेथे समाधिस्थ आहेत, आणि रामनवमीला यात्रेला लोटणारी गर्दी ज्याने पाहिली तो विसरणार नाही. आगगाडी येण्यापूर्वी धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून या लोकांचे तांडे देशभर हिंडत. बैलाच्या खुराला जी चढण सोसली तीच त्यांनी वाट म्हणून निवडली, आणि आज जाड टायरला ती बरोबर मानवते. आखणी करायला इंजिनीअर नव्हता, बैल होता. पण वळण कुठे घ्यावे हे त्याला चांगले कळे.

येथे सरासरी कोणी विचारीत नाही. तीन तासांत अठरा किलोमीटर झाले तर पुष्कळ झाले. निम्मा वेळ थांबण्यातच जातो. रोही आडवे गेले, थांबा. कुणाच्या विहिरीवर पाणी प्यायचे, थांबा. सडकवाला खिशातून खजूर काढून चालत्या सायकलीवर खातो. हे लोक धुऱ्यावर बसून भाकरी-ठेचा खातात आणि कोण कसा पडला याची नक्कल करून दाखवतात. सडकेवर पडणे ही दुर्घटना असते, पांदणीत तो मनोरंजनाचा कार्यक्रम असतो. मात्र पावसाळ्यात सगळे बंद. काळ्या मातीचा गारा चाक आणि दांडा यांच्यामध्ये असा ठासून बसतो की चाक फिरेनासे होते. मग तुराटीची काडी घेऊन खरवडत बसा, नाहीतर चौदा किलोची सायकल वीस किलोची करून खांद्यावर घ्या. दसऱ्यानंतर जमीन वाळते, तर सोयाबीन कापलेल्या वावरातली धसकटे खिळ्यासारखी उभी असतात. आता टायरमध्ये भरायचा एक चिकट पांढरा द्रव मिळतो, तो काट्याचे भोक आपोआप बुजवतो. बाभूळकाट्यावर उतारा सापडला हा मी या शतकातला मोठा शोध समजतो.

एकदा आम्ही गोट्यांतून सायकली हातांनी ढकलीत चढत होतो. वरून बैलगाडी आली. गाडीवानाने बैल थांबवून आम्हांला खालून वर न्याहाळले. "काहून सर, येवढी चांगली सडक बांधून देली सरकारनं, अन् तुमी गोट्यातून चालवून रायले?"

माझा विद्यार्थी म्हणाला, "मजा येते काका."

"आमाले तं कधीच नाही आली बाप्पा!" म्हाताऱ्याने शेपटी पिरगाळली आणि गाडी खडखडत गेली.

दोहोंत सरस काय, असे मला पुष्कळजण विचारतात. माझ्या गावाने याचे उत्तर हजार वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष रुसून निघतो आणि साहित्यविद्या त्याच्या मागोमाग देशोदेशी हिंडते. पूर्वेकडे ती लांबलचक समासांची, खडबडीत गौडी रीती धरते. तो काही वश होत नाही. अखेरीस ती सुकुमार वैदर्भी रीतीवर येते तेव्हा तो जिंकला जातो, आणि त्यांचे लग्न लागते ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. राजशेखराने अन्यत्र या रीतीला 'वच्छोमी' म्हटले आहे, ते आमच्या गावावरूनच. घाटाची ती अखंड उतरण म्हणजे वैदर्भी. कुठे जोडाक्षर लागत नाही. आणि पांदण म्हणजे गौडी. प्रत्येक पावलाला समास सोडवावा लागतो. परीक्षेत दोन्हींना सारखेच गुण असतात, आणि शेवटच्या बाकावरचे विद्यार्थी दुसरीत जास्त मिळवतात असे आता दिसते आहे.

पण हे सगळे रंगवून सांगताना एक गोष्ट राहून जाते. मी वर्षभरापूर्वी पांदणीकडे वळलो तो काही काव्यशास्त्राच्या ओढीने नव्हे. गेल्या पौषात, पुरते उजाडलेले असताना, एका भरधाव गाडीचा आरसा आमच्या बँकवाल्यांच्या खांद्याला लागला. गाडी कोणाची ते कळलेच नाही. ती थांबली नाही. गळपट्टीचे हाड मोडले, सव्वा महिना हात गळ्यात. ओळीत त्यांच्या मागे मी होतो. पुढच्याने बोट दाखवायचे आणि मागच्याने विश्वास ठेवायचा, ही सगळी व्यवस्था मागून येणाऱ्या वाहनापुढे किती कामाची आहे हे त्या दिवशी सर्वांना एकदमच कळले. अकरा जणांचे आम्ही पाच उरलो. आमच्या घरीही सौ.नी फार काही म्हटले नाही, एवढेच म्हणाल्या, "धाकटीचे दहावीचे वर्ष आहे." यावर कोणत्याही अलंकारशास्त्रात उत्तर नाही.

मी विद्यार्थ्याचा आश्रय घेतला, आणि हात गळ्यात असलेल्या माणसाशी माझा खरा वाद सुरू झाला. त्यांचे म्हणणे असे की आपण पाचही जण उद्या रानात गेलो तर सडक सोडल्यासारखीच होईल. "सर, वहिवाट मोडली की हक्क जातो. तुम्ही शेतकऱ्याला विचारा." विद्यार्थी म्हणे, हक्क सांगायला माणूस जिवंत तर पाहिजे. दोघांचेही बरोबर होते, आणि मी दोघांच्या घरचा चहा पिऊन येत होतो.

हा वाद समृद्धी महामार्गाशी नेऊन पाहावा. कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या आमच्या तीन तालुक्यांतून तो गेला आहे. ११ डिसेंबर २०२२ला नागपूर ते शिर्डी खुला झाला आणि ५ जून २०२५ला मुंबईच्या बाजूचा शेवटचा तुकडा जोडून सातशे एक किलोमीटर पुरा झाला. जिल्ह्यात याहून गुळगुळीत जमीन नाही. ताशी एकशेवीसची मुभा आहे, आणि मोटरसायकलीलाही प्रवेश नाही, तेथे आमच्या पायगाडीला कोण विचारतो! त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या वेगात आमचे काही काम नाही. पण शेलूबाजारच्या अलीकडे एक पांदण या रस्त्याच्या पोटातून, काँक्रीटच्या बोगद्यातून पलीकडे जाते. तिथे मी पुष्कळदा थांबतो. डोक्यावरून गाड्यांचा एकसारखा सूं सूं आवाज, खाली थंडगार सावली, शेणाचा वास, चाकोरीत साठलेले पाणी. गाडी वरून जाते तेव्हा त्या पाण्यावर बारीक शहारा येतो. वरच्याला खाली वाट आहे हे माहीत नसते.

आणि त्याच बोगद्यातून सकाळी नवाच्या सुमारास मुली येतात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या आहेत. पुढे टोपली, मागे दप्तर, दोन वेण्या. गिअर नाहीत, स्प्रिंग नाही, टोप नाही. घरापासून दीड-दोन किलोमीटर पांदण, पुढे तीन किलोमीटर सडक. दोन्ही पंथांतले सगळे अवघड प्रश्न त्या दिवसातून दोनदा सोडवतात. सडकेवर त्या एकीमागे एक चालतात. हे आम्हांला डॉक्टरांनी इंग्रजी चित्रफिती दाखवून शिकवावे लागले होते. पांदणीत त्यांची सर्वांत पुढची मुलगी चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावरून अशी काही नेम धरून जाते की माझा विद्यार्थी, ज्याला आम्ही या विषयातला तज्ज्ञ समजतो, तो सायकल थांबवून पाहत राहतो. एकदा त्याने तिला विचारले, पावसाळ्यात काय करतेस? ती म्हणाली, "सायकल सडकेजवळ नातेवाइकाच्या घरी ठेवतो आमी. घरून तिथवर चपला हातात." आणि गारा फारच झाला तर? "तवा शाळा बुडते."

शेतपांदणींवर मुरूम आणि खडी घालण्याची सरकारची योजना २०२१पासून आहे, मातोश्रींच्या नावाची. काही पांदणी तिने खरोखर बारमाही झाल्या. आमच्या पंथातल्या काही कट्टरांना हे रुचत नाही; पांदण सपाट झाली तर रानातली मजा गेली, म्हणतात. मला मात्र ती एक तरी पांदण, बोगद्यापासून सडकेपर्यंतची, लवकर सपाट झालेली पाहायची आहे. आम्हांला पडायला दुसऱ्या पुष्कळ आहेत.

हे मी बँकवाल्यांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ती तीन किलोमीटरची सडक किती वाजता धरतात त्या?" त्या तीन किलोमीटरला बाजूपट्टीवर एक पांढरी रेघ आखून मिळावी आणि फाट्यावर गतिरोधक व्हावा, असा अर्ज आम्ही पंचवीस सह्यांनिशी दिला आहे. भाषा माझी, आकडे त्यांचे. एका सकाळी दीड तास फाट्यावर उभे राहून त्यांनी वाहने मोजली, तीही त्या इवल्या यंत्राशिवाय, वहीवर रेघोट्या ओढून. अर्जाला पोच मिळाली आहे.

सायकलीवर ते पुन्हा बसले आहेत. मधल्या काळात त्यांनी एक तिसरीच सायकल घेतली. हँडल मेंढ्याच्या शिंगाचे, टायर मध्यम जाड. परदेशात ग्रॅव्हल नावाचा हा नवा पंथ निघाला आहे म्हणे, सडक आणि रान दोन्ही साधणारा. विद्यार्थी तिला खेचर म्हणतो. या दिवाळीत पाडव्याला आम्ही कारंज्याला जायचे ठरवले आहे: जाताना सडकेने, नरसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी दर्शन, आणि येताना जमेल तितके पांदणीने. सडकेचेही सध्या फारसे खरे नाही. सोयाबीन निघाले आहे, आणि मंगरूळपीरच्या अलीकडे-पलीकडे निम्म्या डांबरावर ते वाळत घातलेले असते. कडेला दगडांची रांग, आणि राखणीला एखादी म्हातारी छत्री घेऊन बसलेली. एरवी तिशीने जाणारी आमची ओळ तिथे बैलाच्या चालीने जाते. मागून येणारा ट्रकही तसाच येतो, कारण म्हातारी छत्री मिटून उठून उभी राहते.